पंपाचे तास विसरणारा आर्डुइनो

प्रश्न : शेतातल्या पंपाचे तास मोजायला आर्डुइनो उनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) लावला आहे. पंप बहुतेक दिवसरात्र चालू असतो. दर १० सेकंदांनी एकूण सेकंद ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) साठवतो. सुरुवातीला ठीक चाललं. आता वीज जाऊन आली की आकडा भलताच दिसतो. चिप बदलावी का? (सांगोला)

उत्तर : एवढ्यात नको. उनोवरच्या एटीमेगा३२८पी या चिपमध्ये १०२४ बाइट ईईप्रॉम आहे आणि प्रत्येक बाइटला १ लाख वेळा लिहिण्याची हमी आहे. दर १० सेकंदांनी म्हणजे दिवसाला ८६४० वेळा. तुमचा आकडा ४ बाइटमध्ये बसतो आणि त्याचा सर्वांत खालचा (सर्वांत लहान किमतीचा) बाइट दर वेळी बदलतो, त्यामुळे त्याची हमी बारा दिवसांतच संपते. ईईप्रॉम लायब्ररीतली ‘अपडेट’ ही आज्ञा वापरूनही इथे उपयोग नाही. ते फक्त न बदललेले बाइट वाचवतं.

दुसरी भानगड अर्धवट लिहिण्याची. एका बाइटला साधारण ३.४ मिलिसेकंद लागतात आणि आख्खा आकडा लिहिणारी ‘पुट’ ही आज्ञा खालच्या बाइटपासून सुरुवात करते. आकडा ६५,५३० वरून ६५,५४० होताना तीन बाइट बदलतात. दोन लिहून झाल्यावर वीज गेली तर उरतो ४! अठरा तास गायब. असा मुहूर्त क्वचित लागतो, पण लागतो.

उपाय असा. पहिले ६४ बाइट सोडून द्या (झिजलेले बाइट तिथेच असावेत), पुढे ८ बाइटचे १२० कप्पे करा. प्रत्येक कप्प्यात ४ बाइट आकडा आणि ४ बाइट त्याचाच उलटा, म्हणजे सगळे बिट फिरवलेला. बोर्ड चालू होताना सगळे कप्पे तपासा : जोडी जुळत नसेल तो कप्पा सोडा, जुळणाऱ्यांतला सर्वांत मोठा आकडा खरा. कोऱ्या कप्प्यात सगळे २५५ असतात, तेही या तपासणीत आपोआप बाद होतात. पुढची नोंद पुढच्या कप्प्यात. लिहून झाल्यावर वाचून बघा. चुकलं तर त्याच्या पुढचा कप्पा घ्या.

नोंद दर ५ मिनिटांनी आणि पंप बंद होताना पुरे. या हिशेबाने शंभर वर्षं निघतात. पंपाचं वाइंडिंग त्याआधी कितीदा तरी जळेल. मीटर शून्य करायचा असेल तेव्हा मात्र सगळे कप्पे पुसा, नाहीतर जुना मोठा आकडा पुन्हा डोकं वर काढेल.

एवढं करूनही घोळ राहिला तर ब्राउनआउट (व्होल्टेज किती खाली गेल्यावर चिप रीसेट व्हावी ती पातळी) बघा. उनो २.७ व्होल्टला रीसेट होतो, पण १६ मेगाहर्ट्झवर चिपला साधारण ३.८ व्होल्ट लागतात. वीज जाताना मधल्या पट्ट्यात ती वेड्यासारखं काहीही लिहू शकते. आयएसपी प्रोग्रामरने (चिपला थेट जोडायच्या वेगळ्या उपकरणाने) ही पातळी ४.३ व्होल्ट करा. नुसत्या यूएसबी केबलने ते होत नाही. मग पुरवठा पक्का ५ व्होल्टचा हवा, नाहीतर बोर्ड सारखा रीसेट होत बसेल. त्याच प्रोग्रामरने स्केच (आर्डुइनोचा प्रोग्राम) चढवलं तर ईईप्रॉम पुसलं जातं, म्हणून आधी आकडा उतरवून ठेवा.

प्रश्न : ईएसपी३२ या दुसऱ्या चिपवर ईईप्रॉम लायब्ररीने ‘पुट’ केलेला आकडा लगेच वाचला तर बरोबर येतो, रीसेटनंतर जुनाच. (नाशिक)

उत्तर : ‘कमिट’ ही आज्ञा द्यायची राहिली. या चिपमध्ये वेगळं ईईप्रॉम नाही. ‘पुट’ रॅममधली प्रत बदलतं, फ्लॅशमध्ये (कायम टिकणाऱ्या मेमरीत) ती ‘कमिट’नेच जाते. नव्या कामाला ‘प्रेफरन्सेस’ लायब्ररी घ्या. तिच्यात किल्लीचं (ज्या नावाने नोंद साठवायची त्याचं) नाव १५ अक्षरांपेक्षा मोठं चालत नाही, आणि वाचताना नोंद नसेल तर कोणता आकडा धरायचा तेही देता येतं.