पान कुठल्या हातात धरतेस?

पत्र: मी सोलापूरची. घरकुलात राहते, तीस वर्षं विड्या वळते. मालक यंत्रमागावर होते, आता दम्यामुळे घरीच असतात. मुलगा एकुलता एक, डोक्यानं चांगला. बी.कॉम. झाला, बँकेच्या परीक्षा देईल म्हटलं, तर पुण्याला विद्यापीठात नाटकाचं एम.ए. करायला गेला. शेजारी आम्ही एम.बी.ए. सांगितलंय. खोली आणि मेसचे पैसे माझ्या मजुरीतून जातात, थोडे तो लग्नांत वाढप्याचं काम करून मिळवतो. अभ्यास म्हणून जमिनीवर लोळतात म्हणे, जनावरांसारखे चालतात. परवा रात्री फोन करून विचारतो, ‘आई, पान तू कुठल्या हातात धरतेस? आणि वळताना खाली बघतेस का?’ मी फोन ठेवून दिला. या शिक्षणानं पोट भरत नाही हे त्याला तुम्ही सांगा. तुमचं ऐकेल. — एक आई

ताई,

पोटाचं आधी उरकते. नाटकावर घर चालवणं अवघड आहे, हे त्याला तुमच्याइतकंच माहीत आहे, नाहीतर तो लग्नांत ताटं वाढत फिरला नसता. एम.ए.नंतर नेट-सेट देऊन कॉलेजात शिकवता येतं, शाळांत नाटक शिकवता येतं, मालिकांच्या सेटवर, प्रकाशयोजनेत, नेपथ्यात कामं मिळतात. पगार सुरुवातीला तुटपुंजा. अतुल कुलकर्णीही सोलापुरातूनच दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेले, 1995 साली तिथून बाहेर पडले आणि पुढे दोन राष्ट्रीय पुरस्कार मिळवले, पण ते उदाहरण देऊन मी तुम्हाला फसवणार नाही. सगळेच अतुल कुलकर्णी होत नाहीत. झालं. तुमच्या मुलाला मी काही सांगणार नाही.

मला बोलायचंय त्या फोनबद्दल. सगळ्या पत्रात तुम्ही त्याला जेमतेम तीन ओळी दिल्यात, आणि फोन का ठेवलात ते लिहिलंच नाहीत. मी लिहिते. तुम्हाला वाटलं, आता हा चारचौघांत आपल्या आईच्या विड्या दाखवून टाळ्या घेणार.

त्या शिक्षणात काय चालतं ते ऐका. तिथं दरवेळी कुणीतरी लिहिलेलं नाटक पाठ करत नाहीत. कधी संहिताच नसते. एक विषय घ्यायचा, माणसं बघायची, त्यांच्याशी बोलायचं, वहीत टिपायचं, मग तालमीत उभं राहून त्यातून प्रसंग रचायचे, मोडायचे, पुन्हा रचायचे. लोळणं आणि जनावरासारखं चालणं त्याचसाठी असतं. स्वतःची चाल सोडता आली नाही तर दुसऱ्याची अंगात कशी येणार? विशी-बाविशीतल्या पोराला तीस वर्षं सुपापुढे वाकलेली पाठ आणायची आहे. ती कुठल्या पुस्तकात सापडेल, सांगा बरं.

आणि प्रश्न काय नेमका विचारलाय पोरानं! ‘खाली बघतेस का?’ मी लहान असताना आमच्या भिंतीपलीकडे एक मावशी विड्या वळायच्या. मांडीवर सूप, ओल्या गोणपाटात गुंडाळलेली तेंदूची पानं, पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीनं कापलेली. डाव्या हातात पान, उजव्या हाताच्या चिमटीत तंबाखू, मग बोटांचा एक फेरा, दोऱ्याचे वेढे, आणि नखानं तोंड मुडपलं की विडी सुपात. मावशी हाताकडे बघत नसत. त्या आमच्याकडे बघत, पाढे म्हणून घेत, सतराच्या पाढ्यात चुकलं की शिवी हासडत. पंचविसाव्या विडीला हात आपोआप जुडी बांधायला वळायचा. नाटकात हे खोटं केलं की तिसऱ्या रांगेतल्या माणसालाही कळतं. मान खाली घालून वळणारी नटी बघताक्षणी समजावं, हिनं आयुष्यात विडी वळलेली नाही.

तुमचा मुलगा वीस वर्षं त्या सुपाशेजारी झोपला. तेव्हा त्यानं कधी विचारलं होतं? बी.कॉम. करताना विचारलं होतं? मजुरी हजारावर मिळते, बाद झालेल्या विड्या त्यातून जातात, पानं कमी पडली तर पदरचे पैसे घालावे लागतात, हे सगळं त्यानं पाहिलं असेल. तुमचे हात मात्र त्यानं पाहिले नव्हते. ते बघायला त्याला त्याच्या शिक्षणानं लावलं, ज्याला तुम्ही शेजारी एम.बी.ए. म्हणता.

त्या एम.बी.ए.बद्दल मी रागावलेच आहे. पण हे खोटं घरात पहिलं नसावं. शाळेच्या फॉर्मवर ‘आईचा व्यवसाय’ या रकान्यात काय लिहीत होतात? मी पैजेवर सांगते, ‘गृहिणी’. दिवसाला हजार विड्या, आणि गृहिणी! लाज तुम्हाला नाटकाची वाटत नाही, ताई. लाज त्या सुपाची आहे, आणि पोरगं ते पुण्याच्या रंगमंचावर मांडायला निघालंय म्हणून तुमच्या पोटात गोळा आलाय. कष्टाळू आईला असं बोलू नये म्हणतात. मी बोलते, कारण फोन त्यानं केला होता आणि ठेवलात तुम्ही.

तेव्हा आता एकच करा. फोनवर समजावून सांगत बसू नका, हात फोनवर दिसत नाहीत. येत्या सुट्टीच्या दिवशी सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडा आणि त्याच्या तालमीत जाऊन बसा. सूप न्या, कात्री न्या, पत्र्याचं माप न्या. त्याच्या वर्गातली पोरं गोल करून बसतील, त्यांच्यासमोर एक जुडी वळून दाखवा, नेहमीच्या वेगानं, मुद्दाम सावकाश नको. कुणी विचारलं कोण, तर विडी कामगार म्हणा. मुलानं चुकीच्या हातात पान धरलं तर टोका.

मालकांचं एक दिवसाचं जेवण शेजारणीला सांगून ठेवा, कुठं चाललात तेही तिला खरंच सांगा. पानं आदल्या रात्री भिजवा आणि ओल्या फडक्यात बांधून न्या, दौंड येईपर्यंत सुकली तर वळताना फाटतील. वीसएक वाया जातील असं धरूनच चला. पोरं हात लावल्याशिवाय राहणार नाहीत.