मेलेल्या पात्राचं बटण

व्हिडिओ गेमच्या कथेतलं दुःख आणि काळोख या विषयावर आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. उत्तरांत काही जुन्या गेमची कथा उघड होते, तेव्हा ते अजून खेळायचे असतील तर जपून वाचा.

प्रश्न : आम्ही तिघं मिळून दोन तासांचा गेम करतो आहोत. पुरात अडकलेल्या वस्तीतून भाऊ आणि धाकटी बहीण बाहेर पडतात, शेवटाजवळ बहीण मरते. तो कटसीन (खेळणं थांबवून नुसता बघायचा प्रसंग) चार मिनिटांचा आहे. संगीत उत्तम, संवाद घासूनपुसून घेतलेले. तरी चाचणीला बसलेल्या बहुतेकांनी बटण दाबून तो वगळला. काय चुकतं आहे?

पहिली चूक त्या चार मिनिटांतच आहे. दोन तास ज्याच्या हातात कंट्रोलर होता त्याच्याकडून तुम्ही नेमक्या त्याच वेळी तो काढून घेता आणि त्याला प्रेक्षकांत बसवता. पण मोठी चूक त्याच्या आधीची आहे. त्या दोन तासांत बहीण करते काय? बहुधा मागेमागे चालते आणि बोलते. म्हणजे खेळाडूच्या लेखी ती सामान आहे, दारात आडवी आली तर अडचण. ती गेल्यावर त्याचं काहीच अडत नाही, मग त्याला वाईट का वाटावं? गेममध्ये जीव जडतो तो बोलण्यापेक्षा कामातून.

२०१३ चा ‘ब्रदर्स : अ टेल ऑफ टू सन्स’ यासाठी पुन्हा खेळा, जेमतेम तीन तासांचा आहे. कंट्रोलरची डावी काडी आणि डावा ट्रिगर (कडेचं, बोटाने ओढायचं बटण) थोरल्या भावाचा, उजवी बाजू धाकट्याची. धाकट्याला पाण्याची भीती, म्हणून पाणी आलं की तो थोरल्याच्या पाठीवर बसतो. पुढे थोरला मरतो. घरी परतताना धाकटा पाण्याशी अडतो, आणि उजव्या हाताने काहीही केलं तरी उतरत नाही. खेळाडूचं डावं बोट इतका वेळ मोकळं पडलेलं असतं. ते मेलेल्या भावाच्या ट्रिगरवर जातं तेव्हाच धाकटा पोहायला लागतो. जे घडतं ते बोटात.

तुमच्याकडे हे असं बसवता येईल. बहिणीला एक बटण द्या : दाबलं की भाऊ हाक मारतो, ती फटीतून आत शिरते आणि आतली कडी काढते. हे निदान आठ-दहा वेळा घडू द्या, पण सारखं एकाच तऱ्हेने नको. पहिल्या दोन वेळा शिकवणं, पुढच्या तीन-चार वेळा घाईत, एकदा तिने घाबरून उशीर करणं, एकदा न बोलावता स्वतःच पुढे होणं. बोटाला सवय लागली की पात्र खेळाडूच्या अंगवळणी पडतं. ती गेल्यानंतर ते बटण पडद्यावरून काढू नका आणि बंदही करू नका. दाबलं की भावाने फक्त ती जिथे उभी राहायची तिकडे मान वळवावी. हाक नाही, संगीत नाही. मग दहाएक मिनिटांनी एक दार आणा : शेजारी तीच फट, कडी आतून लावलेली. खेळाडू न कळत ते बटण दाबेल. तिथे त्याला दुसरा, जड मार्ग द्या : खांद्याने दार रेटायचं, बटण दहा-बारा सेकंद धरून ठेवायचं. चार मिनिटांचा कटसीन चाळीस सेकंदांवर आणलात तरी चालेल.

हे सगळं नीट जमूनही तीन गोष्टी ते मातीत घालतात. मृत्यूच्या प्रसंगात खेळाडू हरू शकत असेल आणि पुन्हा मागून सुरू करावं लागत असेल, तर तिसऱ्या खेपेला ती बहीण हास्यास्पद होते. म्हणून सेव्ह (हरल्यावर गेम जिथून पुन्हा सुरू होतो ती जागा) तो प्रसंग संपताच ठेवा. दुसरं, त्याच क्षणी कोपऱ्यात ‘पदक मिळालं’ अशी पाटी झळकते. ती पुढच्या लेव्हलपर्यंत अडवून धरा. तिसरं, आधीच्या मारामारीतली बटणं दाबणं संपलेलं नसतं, आणि त्याच दाबांत महत्त्वाचं वाक्य उडून जातं. वाक्य पडद्यावर आल्यावर पहिला अर्धा सेकंद दाब मोजूच नका.

चाचणीला बसलेल्यांना ‘वाईट वाटलं का?’ असं विचारण्यात अर्थ नाही. सगळे सभ्यपणे ‘हो’ म्हणतात. ती गेल्यानंतर तिचं बटण किती वेळा दाबलं गेलं ते मोजा. शून्य आलं तर आधीच्या दोन तासांवर काम करायचं आहे.

प्रश्न : कथा गडद वाटावी म्हणून पूर्ण गेम काळ्या-करड्या रंगात ठेवला आणि रक्तही भरपूर आहे. तरी लोक ‘एकसुरी’ म्हणतात.

बरोबर म्हणतात. डोळा काही मिनिटांत अंधाराला सरावतो, आणि मनाचंही तसंच आहे. गडदपणा फरकातून जाणवतो, म्हणून आधी गमावण्यासारखं काहीतरी दाखवावं लागतं. ‘धिस वॉर ऑफ माइन’ (२०१४) पेन्सिलीच्या रेखाटनासारखा करडा आहे, पण त्यातली पात्रं स्टोव्हवर अन्न शिजवतात, खुर्ची बनवून तीत बसतात, रेडिओ ऐकतात. बोस्नियाच्या युद्धातल्या साराएव्हो शहराच्या वेढ्यावरून सुचलेला हा गेम. त्यात तुम्ही सैनिक नाही, वेढ्यात सापडलेले साधे लोक आहात. एका घरात म्हातारं जोडपं राहतं. त्यांचं अन्न-औषध उचललंत तर कोणी गोळी झाडत नाही, म्हातारा फक्त विनवतो. दुसऱ्या दिवशी तुमच्याच घरातली माणसं खिन्न होतात, आणि खिन्नता वाढत गेली की सांगितलेलं काम करेनाशी होतात. रक्ताचा थेंब नाही तिथे.

तेव्हा रक्त निम्म्याहून कमी करा, आणि दर वीस-पंचवीस मिनिटांनी एक उबदार जागा ठेवा जिथे काहीही वाईट घडत नाही. तिसऱ्या खेपेला तीच जागा रिकामी दाखवता येईल.

प्रश्न : आमच्या गेममध्ये सहा मोठे नैतिक निर्णय आहेत : वाचवायचं की मरू द्यायचं. जवळजवळ सगळे सहाही वेळा ‘वाचवा’ निवडतात. निर्णय अवघड कसे करायचे?

दोन पाट्या लावून ‘चांगलं की वाईट’ विचारलं तर माणूस चांगलंच म्हणणार. त्याचं जातंय काय? चांगुलपणाला किंमत लावा, आणि ती खेळाडू एरवी ज्याचा हिशेब ठेवतो त्याच गोष्टीत लावा.

गेम डिझायनर लुकास पोपचा ‘पेपर्स, प्लीज’ (२०१३) हा याचा वस्तुपाठ आहे. तुम्ही सीमेवरचे तपासनीस. कागद तपासून शिक्का मारायचा. नियमाप्रमाणे हाताळलेल्या प्रत्येक माणसामागे ५ क्रेडिट (गेममधले पैसे), आणि त्यातूनच संध्याकाळी घरभाडं, अन्न, शेगडीची ऊब, आजारी मुलाचं औषध. दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना नुसती ताकीद, तिसरीपासून पैसे कापतात. एके दिवशी एका नवऱ्याचे कागद ठीक असतात. जाता जाता तो सांगतो, मागून बायको येते आहे, तिच्याशी दयेने वागा. तिच्याकडे परवाना नसतो. इथे कुठलीही पाटी उघडत नाही, तेच दोन शिक्के समोर असतात. आणि मग खेळाडू मनात जे मोजतो ते भयानक आहे : आज माझ्या किती चुका झाल्या? एकच झाली असेल तर दया फुकट, दोन होऊन गेल्या असतील तर पैसे पडतात. दया करायची की नाही हे सकाळच्या हलगर्जीपणावर ठरतं. हा खरा अवघड निर्णय.

दुसरा रस्ता म्हणजे न विचारणं. ‘सायलेंट हिल २’ (२००१) शेवट कुठला दाखवायचा हे तुमच्या वागण्यावरून ठरवतो : जखमी अवस्थेत उपचार न करता किती वेळ फिरलात, सामानातला सुरा कितीदा निरखलात, सोबतच्या बाईच्या किती जवळ राहिलात. नायकाला जगण्याची इच्छा उरली आहे का, हे गेम तुमच्या हातांकडे बघून ताडतो. ‘स्पेक ऑप्स : द लाइन’मध्ये (२०१२) खवळलेला जमाव तुम्हाला घेरतो. पडद्यावर पर्याय येत नाहीत. जमावावर गोळ्या झाडता येतात, पण हवेत झाडली तरी लोक पांगतात. पुष्कळांना ते सुचतच नाही, आणि सुचलं नाही हेच नंतर टोचतं.

याच गेममध्ये उलट उदाहरणही आहे. पांढऱ्या फॉस्फरसचा मारा केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि केल्यावर होरपळलेल्या नागरिकांमधून चालावं लागतं. त्या प्रसंगाची जरब मान्य आहे, पण दुसरी वाट न ठेवता नंतर खेळाडूला दोष देणं हा डाव एकदाच चालतो. तुमच्या गेममध्ये एकच वाट असेल तर अपराध पात्राच्या माथी मारा, खेळणाऱ्याला ‘बघ, काय केलंस’ म्हणू नका.

सहाचे दोन निर्णय करा. उरलेल्या चार ठिकाणी पाटी काढून टाका आणि खेळाडू काय करतो ते गुपचूप नोंदवा.

प्रश्न : नायक तीनशे शत्रू मारतो आणि मग एका मित्राच्या मृत्यूवर ढसाढसा रडतो. परीक्षणांत यावरच टीका झाली. मारामारी काढली तर गेम उरत नाही.

कथा एक सांगते आणि खेळणं दुसरंच, या फटीला गेम डिझायनर क्लिंट हॉकिंग यांनी २००७ मध्ये ‘बायोशॉक’ या गेमवर लिहिताना ‘लुडोनॅरेटिव्ह डिसोनन्स’ असं नाव दिलं. नाव जड आहे, दुखणं साधं आहे.

मारामारी काढू नका, आकडा कमी करा. ‘शॅडो ऑफ द कोलोसस’मध्ये (२००५) मारायचे आहेत ते फक्त सोळा महाकाय जीव, किरकोळ शत्रू नाहीतच. प्रत्येक जीव कोसळताना विजयाची तुतारी वाजत नाही, संथ उदास सूर येतो, आणि नायक हळूहळू मळकट, निस्तेज होत जातो.

आकडा कमी करणं परवडत नसेल तर शत्रूंना नावं द्या. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ (२०२०) मध्ये शत्रू एकमेकांना नावाने हाका मारतात, सोबती पडला की त्याचं नाव घेऊन ओरडतात. छोट्या चमूला हे फार खर्चिक नाही. बारा नावं पुरतात. प्रत्येकाची दोन ध्वनिमुद्रणं, एक शांत आणि एक किंचाळून. आधी शांत हाक ऐकू आली पाहिजे, नाहीतर किंकाळीतलं नाव कोणाचं हे कळत नाही. माणूस पडल्यावर सगळ्यात जवळच्या एकानेच ओरडावं, आणि पुढचे वीस सेकंद दुसऱ्या कोणी नाही. ही मर्यादा घातली नाही तर रणांगणाचं हजेरीपुस्तक होतं. मेलेलं नाव त्या लेव्हलमध्ये पुन्हा वापरू नका. हे हमखास विसरलं जातं.

प्रश्न : गेम मराठीत आहे. संवाद टाइपरायटरसारखे एकेक अक्षर उमटतात. भावनिक प्रसंगात ते विचित्र दिसतं. का?

कारण संगणक तुम्हाला दिसणारं अक्षर मोजत नाही, त्यामागची चिन्हं मोजतो. ‘स्त्री’ हे आपल्याला एक अक्षर, पण आत सहा चिन्हं आहेत. त्यामुळे पडद्यावर आधी ‘स’, मग ‘स्’, ‘स्त’, ‘स्त्’, ‘स्त्र’ आणि शेवटी ‘स्त्री’ अशी सहा वेळा उलथापालथ होते. ऱ्हस्व वेलांटी आली की आधी उमटलेलं अक्षर उजवीकडे सरकतं. मरणाऱ्याचं शेवटचं वाक्य असं थरथरत आलं तर कोण रडणार?

सोपा उपाय : अक्षराऐवजी पूर्ण शब्द उमटवा. अक्षरंच हवी असतील तर मजकूर अक्षरसमूहांत तोडा, आणि हलन्तावर संपणारा तुकडा पुढच्याला जोडून घ्या, कारण जुन्या नियमांवर चालणारी साधनं जोडाक्षर मध्येच तोडतात. ओळ कुठे मोडणार हे उमटवण्याआधी ठरवून ठेवा, म्हणजे अर्धा शब्द खाली उडी मारणार नाही. ‘कि’ लिहिल्यावर वेलांटी क-च्या उजवीकडे पडत असेल तर दोष तुमचा नाही, इंजिन (गेम बनवण्याचं सॉफ्टवेअर) देवनागरीची जुळणीच करत नाही. गोडो ४ या इंजिनमध्ये ती सोय आहे, आणि ट्वाइन या मजकुरी गेमच्या साधनात केलेला गेम ब्राउझरमध्ये चालतो म्हणून तिथे प्रश्न येत नाही.

जाता जाता : मराठीत ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येणं हाच एक प्रसंग असतो. दीड तास ‘तुम्ही’ म्हणणारं पात्र एकदाच ‘तू’ म्हणालं, तर दोन पानांचं भाषण लिहायची गरज उरत नाही.

प्रश्न : आत्महत्या आणि मानसिक आजार कथेत आहेत. सुरुवातीला सूचना दिली तर धक्का जातो असं सहकाऱ्यांना वाटतं.

सूचनेत विषय सांगायचा असतो, कोण आणि केव्हा हे सांगायचं नसतं. ‘या गेममध्ये आत्महत्येचा उल्लेख आहे’ एवढ्याने कोणाचा धक्का जात नाही. आत्महत्येची पद्धत तपशिलाने दाखवू नका, आणि ती खेळाडूला कोडं म्हणून सोडवायला तर मुळीच लावू नका. आजार दाखवायचा तर तो भोगलेल्यांना मसुदा लिहितानाच विचारा. ‘हेलब्लेड : सेनुआज सॅक्रिफाइस’ (२०१७) करताना निंजा थिअरी या कंपनीने केंब्रिजचे मानसोपचारतज्ज्ञ पॉल फ्लेचर यांची आणि सायकोसिस (भास होणारी, वास्तवाशी नातं तुटणारी मानसिक अवस्था) अनुभवलेल्या लोकांची मदत घेतली. नायिका सेनुआला ऐकू येणारे आवाज म्हणूनच हेडफोनमध्ये डोक्याभोवती फिरतात, कधी डिवचतात, तर कधी मागून वार होत असल्याचं बजावतात. ते फक्त भीतीसाठी ठेवलेले नाहीत.

प्रसंग वगळण्याची सोय सुरुवातीच्या पाटीवर आणि मधल्या मेन्यूतही ठेवा. वगळलेल्या जागी दोन ओळींत काय घडलं ते लिहा, नाहीतर पुढच्या लेव्हलला ते पात्र कुठे गेलं हे त्या खेळाडूला कळणार नाही.