१३ वर्षांच्या मुलाला ऑनलाइन सुरक्षितता कशी शिकवावी?

१३ वर्षांच्या मुलाला स्वतःचा फोन देताना त्यात गुपचूप देखरेख करणारे अ‍ॅप टाकावे, की ‘अनोळखी माणसांशी बोलू नकोस’ एवढी ताकीद पुरेशी आहे, असे आपण विचारले आहे. मी शाळेत संगणक शिकवतो आणि याच वयाच्या मुलांशी या विषयावर नेहमी बोलतो. माझ्या मते या दोन्ही उपायांवर भिस्त ठेवता येत नाही.

आधी ताकिदीविषयी. ज्याच्याबरोबर मूल तीन आठवडे रोज गेम खेळले, ज्याने त्याला अवघड टप्पा पार करून दिला आणि ज्याला त्याच्या परीक्षेची तारीखही ठाऊक आहे, तो मुलाच्या लेखी अनोळखी उरलेलाच नसतो. आपली आज्ञा या माणसाला लागू पडते, हे त्याच्या मनातही येत नाही. म्हणून माणसावर शिक्का मारायला शिकवण्याऐवजी संभाषणाची चाल ओळखायला शिकवावे.

त्यासाठी मी वर्गात फळ्यावर एक काल्पनिक संभाषण लिहितो. ‘तू भारी खेळतोस.’ ‘इथे बोलायला कंटाळा येतो, दुसऱ्या अ‍ॅपवर ये ना.’ ‘आत्ता घरी कोण आहे?’ ‘आपलं बोलणं आपल्यातच राहू दे हं.’ ‘मी माझा फोटो पाठवला, आता तुझी पाळी.’ यातल्या कोणत्या ओळीवर थांबाल, असे विचारले की बहुतेक हात शेवटच्या ओळीला वर होतात. मग आम्ही खालून वर जातो. समोरच्याने ‘स्वतःचा’ म्हणून पाठवलेला फोटो बहुधा दुसऱ्याच कुणाचा तरी उचललेला असतो आणि तो परतफेडीचे ओझे टाकण्यासाठी पाठवलेला असतो. गुप्ततेची विनंती पालकांना बाजूला काढण्यासाठी असते, तर घरी कोण आहे या साध्या वाटणाऱ्या प्रश्नातून मूल एकटे आहे का, ते चाचपले जाते. अ‍ॅप बदलण्याचा आग्रह तर त्याहूनही आधीचा. गेमच्या चॅटवर निदान काही नजर असते, खासगी संदेशांत ती जवळजवळ नसते. मुले हा उलटा तपास मन लावून करतात. घरीही तो सहज करता येईल, मात्र संभाषण मुलालाच रचू द्यावे, कारण त्यांची भाषा आपल्याला जमत नाही.

फोटो एकदा गेला की सूर काही मिनिटांत बदलतो. पैसे किंवा आणखी फोटो मागितले जातात आणि धमकी म्हणून मुलाच्या मित्रांच्या यादीचा स्क्रीनशॉट पाठवला जातो. अशा खंडणीत मुलगेही मोठ्या प्रमाणावर सापडतात, त्यामुळे ही काळजी फक्त मुलींच्या घरची समजू नये. सेटिंग्जच्या लांबलचक याद्यांमधून मी आधी निवडतो ते हेच: खाते खासगी ठेवावे आणि जिथे सोय असेल तिथे मित्रांची यादी इतरांपासून लपवावी, म्हणजे धमकीचे निम्मे बळ जाते. टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय) सुरू करावे, कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी देऊ नये आणि ‘माझा कोड चुकून तुझ्या नंबरवर आला, तेवढा पाठव’ असा संदेश खऱ्या मित्राच्या खात्यावरून आला तरी कोड देऊ नये, कारण बहुधा त्या मित्राचे खातेच आधी कुणीतरी बळकावलेले असते.

इतके करूनही फसगत झाली तर काय करायचे, हे मुलाला आधीच माहीत असावे. पैसे देऊ नयेत. दिले की मागणी वाढते. घाबरून संभाषण किंवा खाते पुसू नये, कारण तोच पुरावा असतो. खात्याचे नाव दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यावेत, मग ब्लॉक करावे, अ‍ॅपकडे आणि पोलिसांकडे तक्रार करावी. अमेरिकेतील नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्सप्लॉइटेड चिल्ड्रन ही संस्था ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवा चालवते. १८ वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच्या नग्न किंवा अर्धनग्न फोटोंसाठी ती आहे. फोटो आपल्याच फोनमध्ये राहतो, त्यापासून बनवलेला एक सांकेतिक ठसा तेवढा पुढे जातो आणि सहभागी कंपन्या त्या ठशाशी जुळणारा फोटो शोधून काढून टाकू शकतात. जी अ‍ॅप्स सहभागी नाहीत त्यांवर, किंवा एन्क्रिप्टेड (पाठवणारा आणि घेणारा यांनाच वाचता येणाऱ्या) संदेशांत, तिचा उपयोग होत नाही.

या साऱ्याचा उपयोग मूल वेळेवर बोलले तरच. धमकावणाऱ्याची सगळी ताकद, मूल घरी सांगणार नाही या एका गृहीतकावर उभी असते, आणि ‘काही भानगड केलीस तर फोन काढून घेईन’ असे म्हणणारे पालक नकळत ते गृहीतक खरे करतात. तू काहीही पाठवले असलेस तरी सांगितल्याबद्दल फोन जाणार नाही, हे वचन फोन हातात देतानाच द्यावे आणि पुढे पाळावे.

गुपचूप अ‍ॅपला माझा विरोध आहे तो याचसाठी. ते उघडकीस आले की मूल दुसरे खाते काढते किंवा मित्राचा फोन वापरते आणि आपल्याशी बोलायचे थांबते. उघडपणे घातलेली बंधने वेगळी. नवे अ‍ॅप टाकण्यासाठी आणि खरेदीसाठी परवानगी, रात्री फोन झोपण्याच्या खोलीबाहेर चार्जिंगला, एवढे या वयात मी सुचवेनच. वय वाढेल तशी ती सैल करावीत. अनेक सेवांची १३ वर्षांची अट १९९८ मध्ये अमेरिकेत झालेल्या, मुलांची माहिती गोळा करण्यासंबंधीच्या कायद्यातून आलेली आहे, तेव्हा १३ पूर्ण झाली म्हणजे मूल तयार झाले असा तिचा अर्थ काढू नये. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून समाजमाध्यमांतील खात्यांसाठी ही मर्यादा १६ केली आहे.

वचन देऊनही काही गोष्टी मूल आई-वडिलांना सांगणार नाही, हे धरून चालावे आणि मावशी, काका, शिक्षक यांपैकी एखादी दुसरी मोठी व्यक्ती ठरवून ठेवावी. ती कोण असावी हे मुलालाच ठरवू द्यावे. पैसे न देणे, काही न पुसणे, स्क्रीनशॉट आणि तक्रार हा क्रम त्या व्यक्तीलाही आधीच समजावून ठेवावा.