दोघांच्या स्वयंपाकघरासाठी आधी कोणती भांडी घ्यावीत?

तुम्ही विचारलंय की नोकरीसाठी नागपुरात आलोय, घरी दोघंच, गॅसची शेगडी आहे, तर भांड्यांचा तयार सेट घ्यावा का. माझं मत विचाराल तर सेट घेऊच नका. त्यातली बरीच भांडी पातळ असतात आणि रोज हाताशी दोन-तीनच लागतात. त्याच पैशात कुकर, लोखंडी कढई, तवा आणि जाड बुडाचं स्टीलचं पातेलं घ्या.

कुकर दोघांना 3 लिटरचा पुरतो, पाहुण्यांचं येणं-जाणं असेल तर 5 लिटरचा. डाळ-तांदूळ फुगतात, म्हणून पाण्यासकट निम्म्याच्या वर भरू नका. डाळीचा फेस शिट्टीच्या नळीत अडकला की वाफेला वाट राहत नाही आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो. धुताना नळीतून आरपार उजेड दिसतो का ते बघायचं. शिट्टी न होता झाकणाच्या कडेनं वाफ जात असेल तर आधी रबर बदलून पाहा.

खरी पारख लागते कढईला. झुणका असो की सावजी रस्स्याचा मसाला, सगळा खेळ बुडाच्या जाडीचा. स्टीलमध्ये उष्णता लवकर पसरत नाही, त्यामुळे पातळ स्टीलच्या कढईत ज्वाळेच्या वरचा कांदा करपतो आणि कडेचा कच्चा राहतो. म्हणून 9-10 इंची, निदान 2-3 मिमी जाडीची लोखंडी कढई घ्या. इतवारी बाजारात भांडे ओळीत (भांड्यांच्या दुकानांच्या गल्लीत) जाऊन हातात उचलून बघा, कडीचे रिबिट हलवून बघा. तवा दुकानातल्या काचेवर ठेवून काठ चारही बाजूंनी बोटानं दाबा. डुगडुगला तर दुसरा मागा.

नव्या लोखंडाला जंग लागू नये म्हणून तेलकट थर दिलेला असतो. साबणाच्या गरम पाण्यानं तो घासून काढा, कढई गॅसवर पूर्ण कोरडी करा, फडक्यानं तेलाचा अगदी पातळ हात द्या आणि धूर निघेपर्यंत तापवा. थंड झाली की पुन्हा, असं तीन-चारदा. इथे हमखास चुकतं ते तेलाचं प्रमाण: जास्त झालं की थर चिकट होतो आणि पहिल्याच भाजीला बुडाशी धरतं. चिंच, टोमॅटो, कढी मात्र लोखंडात नको. पदार्थ काळा पडतो, लोखंडाची चव उतरते आणि तुम्ही चढवलेला थरही जातो. आंबट वरणासाठीच ते स्टीलचं पातेलं.

पोळी-भाकरीचा तवा डोशाला वापरू नका. कोरडा तापून त्याच्यावरचं तेल जळून जातं, मग डोसा सुटत नाही.

बाकी पोळपाट-लाटणं, परात, सराटा (उलथनं), झारा, सांडशी, आणि सवयीप्रमाणे पावशी (विळी) किंवा 6 इंची पात्याचा चाकू. सुकं खोबरं-मसाला वाटायचा असेल तर मिक्सर 750 वॅटचा बघा. नॉनस्टिक सध्या राहू द्या. लोखंडी सराट्यानं आणि मोठ्या आचेवर रिकामं तापवल्यानं त्याचा थर लवकर जातो.