तुमचे प्रश्न : कचऱ्याची गाडी दाबते कशी?

प्रश्न : आमच्या गल्लीत सकाळी कॉम्पॅक्टर येतो. मागचा माणूस लिव्हर ओढतो, इंजिन एकदम घुमतं आणि आतलं लोखंडी पातं सगळा कचरा ओढून घेतं. नातू रोज विचारतो, आजोबा हे पहिल्यांदा कोणी बनवलं? – एक आजोबा, सांगली

उत्तर : आजोबा, नातवाला सांगा की यात कामं दोन आहेत, उचलायचं आणि दाबायचं, आणि दोन्हींच्या मागे अमेरिकेतलं एकच नाव आहे, गार वुड. या माणसाने 1911-12 च्या सुमारास कोळशाच्या ट्रकचा ड्रायव्हर हाताने हँडल फिरवून फिरवून मागची बॉडी वर करताना बघितला आणि त्याला वाटलं हे तेलाच्या दाबावर का होऊ नये! झालं, ट्रकची बॉडी उचलणारा हायड्रॉलिक जॅक तयार. आपल्याकडे ट्रॅक्टरची ट्रॉली उलटते ना, तेच. पैसा इतका आला की गडी स्पीडबोटींच्या नादाला लागला आणि 1932 मध्ये पाण्यावर ताशी 200 किलोमीटरचा रेकॉर्ड केला (कचऱ्याशी याचा संबंध नाही, पण नातवाला हेच जास्त आवडेल बघा).

गंमत अशी की उचलणं आलं तरी दाबणं यायला आणखी पंचवीसेक वर्षं गेली. ट्रक उलटवून रिकामा करायची सोय तर त्याच्याही आधी, 1897 मध्ये इंग्लंडात थॉर्निक्रॉफ्टने वाफेच्या गाडीत केली होती. पण भरायचं काय? डबा खांद्यावर घ्यायचा, उंच फळीवरून आत ओतायचा, राख तोंडावर. शेल्व्होक अँड ड्रूरी या इंग्लिश कंपनीने 1920 च्या दशकात गाडीच बुटकी केली, म्हणजे डबा कमी उचलावा लागतो. साधा उपाय, पण मला तो हायड्रॉलिकपेक्षा जास्त आवडतो.

मग 1938 मध्ये वुडच्याच कंपनीने लोड पॅकर आणला. मागे कमरेएवढ्या उंचीवर हौद, त्यात कचरा टाकायचा, हौद भरला की पातं खाली येऊन कचरा खेचत आत ढकलतं आणि आधीच्या ढिगावर दाबतं. रिकामं करताना मागचं अख्खं दार वर उचलायचं आणि बॉडी उलटी करायची. मला वाटतं इतका उशीर झाला कारण घराघरात कोळशाच्या शेगड्या होत्या तोवर कचऱ्यात राखच जास्त, आणि राख दाबून किती दबणार? कागद, खोकी वाढली तेव्हा कुठे दाबण्यात फायदा दिसायला लागला.

प्रश्न : पण एवढी ताकद येते कुठून? आणि दाब जास्त झाला तर गाडी फुटत नाही का?

उत्तर : ताकद इंजिनाचीच. ट्रॅक्टरवाल्यांना पीटीओ (इंजिनाची ताकद दुसऱ्या यंत्राला देणारा फिरता दांडा) माहीत असतो, तसाच गिअरबॉक्सवरून पंप फिरतो, म्हणून गाडी उभी असली तरी इंजिन घुमवावं लागतं. पंप तेल सिलिंडरमध्ये ढकलतो आणि तेल काही दबत नाही, त्यामुळे पिस्टनला सरकावंच लागतं. हिशोब करून बघा, पिस्टन 10 सेंटीमीटर व्यासाचा म्हणजे क्षेत्रफळ साधारण 78 चौरस सेंटीमीटर, तेलाचा दाब दर चौरस सेंटीमीटरला 70 किलो धरला तर जोर झाला साडेपाच टनांच्या आसपास. एका लिव्हरवर! पातं हळू चालतं ते यामुळेच, जोर मिळतो पण वेग जातो. फुटू नये म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह असतो, ठरलेल्या दाबाच्या वर गेलं की तेल गुपचूप टाकीत परत. सोफ्याची फळी अडकली की पातं थांबतं आणि आवाज बदलतो तो त्याचाच. खरी कटकट असते ऑइल सील आणि रबरी पाइपांची, तेल गळायला लागलं की जोर गेला.

प्रश्न : मग आमच्याकडे गाडी गेली की रस्त्यावर काळं पाणी का सांडलेलं असतं?

उत्तर : ते बहुतेक वेळा तेल नसतं हो. आपला कचरा ओला, भाज्यांची देठं, शिळं अन्न, कलिंगडाच्या साली, त्यावर टनांनी जोर दिला की रस निघणारच. त्यासाठी खाली टाकी असते, ती भरलेली असली किंवा मागच्या दाराचं रबर झिजलं की सगळं रस्त्यावर. ओला-सुका वेगळा करून द्या, त्रास थोडा कमी होईल, बाकी रबर बदलायचं काम गाडीवाल्यांचं.