पहिल्या सीएनसी यंत्राचा देखभाल करार

सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत आपण पहिले सीएनसी लेथ (संगणकाच्या नियंत्रणावर चालणारे कातयंत्र) बसवले, याबद्दल अभिनंदन. उत्पादक कंपनीशी वार्षिक देखभाल करार करण्याचा विचार योग्यच आहे. मात्र सही करण्यापूर्वी त्यात सुट्या भागांची किंमत धरली आहे की केवळ अभियंत्याची भेट, हे नीट वाचा. नवखे उद्योजक बहुधा रक्कमच पाहतात आणि स्पिंडल (काम फिरवणारा मुख्य दांडा) किंवा सर्व्हो ड्राइव्ह (मोटरी नियंत्रित करणारे विद्युत उपकरण) करारातून वगळल्याचे त्यांना यंत्र बंद पडल्यावर कळते. तक्रारीनंतर किती तासांत माणूस येईल, हेही लेखी घ्या. तो पुण्याहून येणार असेल, तर सुमारे २५० किलोमीटरचे अंतर फोनवरच्या आश्वासनाने कमी होत नाही.

करार झाला म्हणजे आपले काम संपले, ही समजूत अधिक महागात पडते. स्लाइडवेचे (सरकत्या भागांच्या मार्गांचे) तेल, कूलंटचे (कापताना थंडावा देणाऱ्या द्रवाचे) प्रमाण आणि विद्युत पॅनेलचे फिल्टर यांकडे ऑपरेटरनेच लक्ष द्यायचे असते. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपुढे जातो, त्यामुळे फिल्टर तुंबलेला असल्यास ड्राइव्ह तापून अलार्म येतो. अशा वेळी पॅनेलचे दार उघडून समोर टेबल फॅन लावण्याचा आपल्याकडचा लाडका उपाय धूळ आणि तेलाचे तुषार थेट सर्किटवर नेऊन बसवतो. तो कृपया टाळा.

नियोजित भेटीची तारीख ऑर्डरच्या घाईत पुढे ढकलू नका. अभियंता आला की दोन कामे आवर्जून करून घ्या:

- पॅरामीटरचा, म्हणजे यंत्राच्या साठवलेल्या सेटिंगचा, बॅकअप घेऊन त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवणे.
- कंट्रोलरच्या, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या संगणकाच्या, बॅटऱ्या तपासणे.

बॉलबार चाचणी (यंत्राच्या हालचालीची अचूकता मोजणारी) वगैरे विषय सध्या बाजूला राहू द्या.