लॅपटॉप नको, आधी गिट शीक

प्रश्न : मी रत्नागिरीत बीएस्सी आयटीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. काकांच्या हापूसच्या पेट्यांच्या बुकिंगसाठी वेबसाइट करतेय. आठवडाभर कॉलेजच्या लॅबमध्ये, शनिवार-रविवार गुहागरजवळच्या गावी काकांच्या जुन्या डेस्कटॉपवर. फाइली पेन ड्राइव्हवरून नेते-आणते. गेल्या महिन्यात जुना फोल्डर नव्यावर कॉपी झाला, दोन आठवड्यांचं काम गेलं. बाबा म्हणतात, कर्ज काढून लॅपटॉप घेऊ. घ्यावा का?

उत्तर : बाबांना थोडं थांबव. लॅपटॉप आला तरी त्यात 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरंच' असे फोल्डर साचतील, आणि हार्ड डिस्क बसली की सगळे एकदम जातील. तुला गिट, म्हणजे फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, शिकायला हवं, आणि ते फुकट आहे.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कामासाठी लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये गिट लिहिलं. प्रत्येक कमिट म्हणजे वहीतली तारखेची नोंद. खाडाखोड नाही, मागचं पान केव्हाही उघडता येतं. गिटहब या वेबसाइटवर खाजगी रिपॉझिटरी, म्हणजे फाइली आणि त्यांच्या नोंदींचा साठा, उघड. लॅब आणि घर, दोन्हीकडे तिचं क्लोन, म्हणजे पूर्ण प्रत, करून घे. मग बसलीस की आधी पुल (तिथलं नवं काम खाली घे), काम करताना कमिट, उठताना पुश (तुझं काम वर चढव). घोळ होतो तो या शेवटच्या पायरीला. पुश न करता एसटी पकडलीस, तर काम लॅबच्या मशीनमध्येच राहिलं.

कमिटला इंटरनेट लागत नाही, हे तुमच्या गावासाठी मोठंच. पावसात दोन दिवस रेंज गेली तरी नोंदी होत राहतात, रेंज आली की पुश. आणि पेन ड्राइव्ह टाकून देऊ नकोस. त्यावर 'बेअर' रिपॉझिटरी (कामाच्या उघड्या फाइली नसलेली, नुसत्या नोंदींची) केलीस, तर नेट नसताना त्यावरच पुश-पुल करता येतं.

गिटहब आता कमांडवरून पासवर्ड घेत नाही, टोकन, म्हणजे पासवर्डऐवजी द्यायचा लांब कोड, लागतं. लॅबचं मशीन दहा जण वापरतात, तिथे ते सेव्ह करून ठेवू नकोस.

काय चढवायचं नाही, ते गिटइग्नोर फाइलमध्ये लिही. नोड मॉड्यूल्सचा, म्हणजे बाहेरून घेतलेल्या तयार कोडचा, फोल्डर नको, तो दोन्हीकडे इन्स्टॉल करून मिळतो. डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइल तर मुळीच नको. एकदा चढली की नंतर डिलीट करूनही जुन्या नोंदीत राहते, मग पासवर्डच बदलावा लागतो. डेटाबेसमधला मजकूर गिट आपोआप नेत नाही. टेबलांची रचना एसक्यूएल (डेटाबेसच्या भाषेतल्या) फाइलमध्ये काढून ठेव. गिऱ्हाइकांचे फोन नंबर त्यात येऊ देऊ नकोस.

आता नोकरीचं. मुलं माझ्याकडे प्रमाणपत्रांच्या फाइली घेऊन येतात. मी विचारतो, काम दाखव. बहुतेकांच्या कमिटला एकच शब्द : 'चेंजेस'. त्यापेक्षा 'अर्ध्या पेटीचा दर चुकत होता, दुरुस्त केला' असं लिहिलेल्या पन्नास नोंदी दाखवणाऱ्या मुलीला मी आधी बोलावीन. यासाठी पुण्याचा क्लास लावायची गरज नाही, आठवडाभर रोज तासभर बसलीस तरी रोजच्यापुरतं जमेल.

साइट आज मोडकी असली तरी पहिलं कमिट आजच कर. लॅपटॉपचं इंटर्नशिप लागली की बघू.